टांगलेली भिंत

१५ जून २०२३ ला सोलापुरात एक चिमणी पडली आणि निम्म्या शहराने ती मोबाईलमध्ये टिपली. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी, उंची सुमारे ९० मीटर. होटगी रोडच्या विमानतळाला ती अडथळा ठरते म्हणून कित्येक वर्षं वाद, मोर्चे, कोर्टकचेऱ्या झाल्या होत्या. पडायला तिला काही सेकंद पुरले. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सोलापूरच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून आला.

चिमण्या हा सोलापूरचा जुना विषय. गिरण्या गेल्या तरी त्यांच्या चिमण्या आणि भोंगे लोकांच्या बोलण्यात राहिले. पण चिमणी म्हणजे धुराची बाहेर जायची वाट. आग जिथे असते तिथे काय असतं? हजार अंशांच्या आसपासची आग एका पोलादी पेटीत महिनोन् महिने जळते, आणि ती पेटी वाकत कशी नाही? पोलाद वितळायला साधारण दीड हजार अंश लागतात हे खरं, पण सहाशे अंशांलाच त्याची निम्मी ताकद गेलेली असते. म्हणजे आग आणि पोलाद यांच्यामध्ये कुणीतरी उभं असणार.

उभं नसतं, टांगलेलं असतं. हा लेख त्या टांगण्याबद्दल आहे.

माझा या विषयाशी संबंध आला तो एका यादीमुळे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या स्टोअरची वस्तूंची यादी नव्या प्रणालीत भरायचं काम आमच्याकडे होतं. त्यात 'अँकर व्ही टाईप' नावाच्या दोन ओळी होत्या. माप एकच, आकार एकच, दरात मात्र मोठा फरक. आम्हा लोकांना अशा ठिकाणी पहिली शंका येते ती डुप्लिकेट नोंदीची. विचारल्यावर स्टोअरकीपरने मला एका निवृत्त फोरमनकडे पाठवलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा म्हणाले, "दोन्ही एकच दिसतात ना? तेच तर दुखणं आहे."

वजनावर उभी भिंत

मामांचं दुखणं समजायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं. रेल्वे सोलापुरात आली १८६० मध्ये. १८७४ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन झाली आणि १८७७ मध्ये गिरणी सुरू झाली. पुढे शहरात आणखी गिरण्या आल्या आणि ही 'जुनी मिल' झाली.

त्या काळच्या कापड गिरण्यांचा ठरलेला बॉयलर म्हणजे लँकेशायर. विल्यम फेअरबर्न आणि जॉन हेदरिंग्टन यांनी तो १८४४ मध्ये इंग्लंडात आणला. लांबलचक आडवा दंडगोल, त्याच्या पोटात दोन जाड नळे, नळ्यांच्या तोंडाशी कोळशाची जाळी. आगीचा झोत नळ्यांमधून मागे जायचा, तिथून वळून बॉयलरच्या पोटाखालून पुढे यायचा, मग दोन्ही कुशींवरून पुन्हा मागे आणि शेवटी चिमणीत. हा वळणावळणाचा रस्ता विटांनी बांधलेला असे. बॉयलर लोखंडाचा, पण त्याचं घर गवंड्याने बांधलेलं.

या घरात आगीला जिथे तोंड द्यावं लागे तिथली वीट साधी चालत नाही. तिला ॲल्युमिना भरपूर असलेली, लोह आणि क्षार कमी असलेली माती लागते. सोलापूरची काळी माती कापसाला आणि ज्वारीला सोन्यासारखी, पण भट्टीला निरुपयोगी: पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्यात लोह भरपूर. म्हणून भट्टीच्या विटा बाहेरून आणायच्या. ज्या रुळांवरून इथला माल मुंबईला जायचा, त्याच रुळांवरून आगीची वीट इकडे यायची.

या भिंतीचं तत्त्व सोपं होतं. खालची वीट वरच्या विटेला उचलून धरते. छत हवं असेल तर कमान करा, म्हणजे विटा एकमेकींना दाबून जागेवर राहतात. भिंत टिकवायची तर जाड करा. भट्टी रुंद करायची तर कमान जड होते, तिचा रेटा बाजूच्या भिंतींवर येतो, मग त्याही जाड करा. जागा जाते, विटा जातात, तापायला आणि निवायला दिवस जातात. पण या पद्धतीत एक मोठा दिलासा होता. तिचं दुखणं दिसायचं. कमान खचली की खचलेली दिसे, वीट सुटली की तिची खोबण दिसे. चांगला गवंडी टॉर्च घेऊन आत गेला की दहा मिनिटांत सांगू शके की हा हंगाम निघेल की नाही.

तीन शोध, तिघांच्या डोक्यात वेगळंच काही

ही जाड भिंत विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत पातळ व्हायला लागली. ज्या शोधांमुळे ती पातळ झाली, त्यांतल्या दोघांचा भट्टीशी सुरुवातीला काही संबंध नव्हता.

पहिला शोध फ्रान्समधला. समुद्राचं पाणी आणि सल्फेट असलेली जमीन साध्या सिमेंटला खाऊन टाकते, यावर लाफार्ज कंपनीत ज्यूल्स बिए उपाय शोधत होते. १९०८ मध्ये त्यांनी ॲल्युमिनाच्या जोरावर चालणाऱ्या सिमेंटचं पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धात ते तोफांचे चौथरे झटपट बांधायला कामी आलं आणि १९१८ पासून बाजारात मिळू लागलं. नंतर लक्षात आलं की साधं सिमेंट ज्या तापमानाला भुगा होतं, तिथे हे टिकतं. त्यात भट्टीच्या विटेचा चुरा मिसळला की काँक्रीटसारखी ओतता येणारी, पण आगीला न डगमगणारी भिंत तयार होते. आज कारखान्यात तिला 'कास्टेबल' म्हणतात.

दुसरा शोध पोलादाचा. १९१२ मध्ये जर्मनीतल्या क्रुप कंपनीत स्ट्राउस आणि मॉरर यांनी क्रोमियम आणि निकेल घातलेलं न गंजणारं पोलाद तयार केलं. १९१३ मध्ये इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून धडपडत होते, त्यांना क्रोमियमचं स्टेनलेस पोलाद हाती लागलं. तुमच्या घरातलं ताट, डबा आणि भट्टीतला अँकर यांचं कूळ हेच.

तिसरा माणूस मात्र थेट भट्टीवाला. १९१४ मध्ये शिकागोत विल्यम शेफर यांनी भाजलेल्या विटेऐवजी ओल्या, मळलेल्या मातीसारखं अग्निरोधक साहित्य विकायला सुरुवात केली. ठोकून बसवायचं, आकार हवा तसा द्यायचा. कंपनीचं नाव प्लिब्रिको, म्हणजे 'लवचीक वीट' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची जोडणी.

आता अडचण अशी, की ओतलेली किंवा ठोकलेली भिंत पातळ असेल तर स्वतःच्या वजनावर नीट उभी राहत नाही. छताला तर ती लटकूच शकत नाही. मग तिला मागच्या पोलादी पत्र्याशी बांधून ठेवायला काहीतरी हवं. ते म्हणजे अँकर: इंग्रजी व्ही किंवा वाय अक्षरासारखा वाकवलेला धातूचा गज. बूड पत्र्याला वेल्ड केलेलं, दोन्ही हात भिंतीच्या पोटात घुसलेले. भिंत ओतली की अँकर कायमचा दिसेनासा होतो. पुढे तो दिसला, तर समजायचं की भिंत गेली.

इथे भट्टीच्या इतिहासात एक मोठी अदलाबदल झाली. आधी भिंत आपल्या वजनाने टिकत होती, आता तिचं वजनच तिचा शत्रू झालं. आधी दोष डोळ्यांना दिसत होता, आता तो काँक्रीटमध्ये गाडला गेला.

चिपाडाची भट्टी

सोलापूर जिल्ह्याने ही अदलाबदल गिरण्यांपेक्षा साखर कारखान्यांत जास्त पाहिली. त्याआधी उसाची आग म्हणजे गुऱ्हाळाचं चुलवाण: जमिनीत खणलेलं, मातीने लिंपलेलं, वर काहील. इंधन म्हणून उन्हात वाळवलेलं चिपाड. हंगाम आला की चुलवाण पुन्हा लिंपून घ्यायचं. ही भट्टीची दरवर्षीची दुरुस्तीच, फक्त तिला टेंडर लागत नसे.

१९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचं संरक्षण मिळालं. माळशिरस तालुक्यात सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगर वसवून स्वतःचा कारखाना काढला. याच दशकात सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी शेजारच्या इंदापूर तालुक्यात कळंबजवळ ऊस आणि साखर उभी केली. त्या गावाचं वालचंदनगर झालं आणि पुढे तिथे साखर कारखान्यांची यंत्रंच तयार होऊ लागली. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, ऊस पसरला, आणि आज सोलापूर राज्यातला सर्वाधिक साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो.

कारखान्यातलं चिपाड गुऱ्हाळासारखं वाळवत बसायला वेळ नसतो. गाळपातून बाहेर पडताना त्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं आणि तसंच ते भट्टीत जातं. ओलं चिपाड पेटवायचं तर आधी वाळवायला हवं, आणि ते काम भट्टीची तापलेली भिंत करते. ती उष्णता शोषते आणि येणाऱ्या ओल्या चिपाडावर परत फेकते. म्हणजे ही भिंत पोलादाचं रक्षणही करते आणि आग चालूही ठेवते. पुढे बॉयलर उंच झाले, भट्टीच्या बहुतेक भिंती पाणी खेळवणाऱ्या नळ्यांच्या झाल्या. तरी जाळीच्या आजूबाजूला, दारांभोवती, कमानींपाशी, राखेच्या हॉपरमध्ये अग्निरोधक थर राहिलाच. आणि जिथे तो पत्र्याला धरून राहिला, तिथे अँकर राहिले.

साखरेच्या भट्टीला आणखी एक जाच आहे, हंगामाचा. सिमेंटची भट्टी पेटली की शक्यतो पेटतीच ठेवतात. साखरेची भट्टी चार-पाच महिने तापते आणि उरलेलं वर्ष गार पडून राहते. पावसाळ्यात दमट हवा भेगांतून आत शिरते. तापणं, निवणं, दमट होणं, पुन्हा तापणं. अँकरला प्रत्येक वर्षी एकदा जन्म आणि एकदा मरण.

३०४ की ३१०

आता त्या दोन ओळी. एक अँकर होता ३०४ प्रतीच्या स्टेनलेसचा, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. दुसरा ३१० चा, त्यात २५ आणि २०. निकेल महाग, म्हणून दर वेगळा.

दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत. चुंबक लावून पाहा, दोन्ही जवळजवळ चिकटत नाहीत. चुंबक साध्या लोखंडाची चोरी पकडतो, ३१० च्या पोत्यात ३०४ मिसळला असेल तर गप्प बसतो. खात्री करायची तर धातूची रचना सांगणारं क्ष-किरणांचं यंत्र लावावं लागतं.

निवड कशावर करायची? नवशिक्या म्हणेल भट्टीच्या तापमानावर. तसं नाही. भिंतीच्या आगीकडच्या अंगाला हजार अंश असतील तर पत्र्याकडे शंभराच्या आसपास. अँकर या दोन्हींच्या मध्ये असतो, त्यामुळे त्याचं बूड थंड आणि टोक गरम. निवड करायची ती टोकाच्या तापमानावर. टोक आगीच्या बाजूपासून साधारण २० ते २५ मिलिमीटर आत ठेवतात, कारण ते उघडं पडलं तर जळतं आणि फार आत राहिलं तर पुढचा थर कुणी धरलेलाच नसतो. साधं पोलाद चारशे-साडेचारशे अंशांपुढे नेऊ नये. ३०४ ला सावध मानकं ७६० च्या आसपास थांबवतात, काही उत्पादक ९०० पर्यंत परवानगी देतात. ३१० सावधपणे ९२५ पर्यंत, मोकळेपणाने ११०० पर्यंत. त्याहून वर गेलं की निकेलचे खास मिश्रधातू किंवा थेट भाजलेल्या मातीचे अँकर.

पण 'महाग तेच चांगलं' हेही खरं नाही. जास्त क्रोमियमचं पोलाद सहाशे ते नऊशे अंशांत दीर्घकाळ राहिलं तर आतून ठिसूळ होतं. धातुशास्त्रात त्याला सिग्मा फेज म्हणतात. गरम असताना ते काम करत राहतं, निवल्यावर काचेसारखं तुटतं. दरवर्षी निवणाऱ्या साखरेच्या भट्टीत याचा विचार करावाच लागतो.

दुसरं भांडण प्रसरणाचं. तापमान हजार अंशांनी वाढलं तर हे पोलाद प्रत्येक १०० मिलिमीटरमागे साधारण १.८ मिलिमीटर वाढतं, कास्टेबल अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर थांबतं. म्हणजे भिंतीच्या पोटातला अँकर भिंतीलाच आतून फोडू पाहतो. यावरचा उपाय मला फार आवडला: अँकरच्या टोकांना मेण किंवा डांबर फासायचं, नाहीतर प्लास्टिकच्या टोप्या घालायच्या. पहिल्या आगीत ते जळून जातं आणि मागे बारीकशी पोकळी ठेवतं. अँकर त्या पोकळीत वाढतो. नष्ट होण्यासाठीच घातलेला भाग सगळ्यात महत्त्वाचा, असं सॉफ्टवेअरमध्ये क्वचित दिसतं.

अंतराचाही हिशोब असतो. दीडशे मिलिमीटर जाडीच्या घट्ट कास्टेबलचा एक चौरस मीटर म्हणजे सव्वातीनशे किलोच्या पुढे वजन. छताला २०० मिलिमीटर अंतराने अँकर लावले तर मीटरला पंचवीस बसतात, प्रत्येकाच्या वाट्याला तेरा-चौदा किलो. ऐकायला किरकोळ, पण लालबुंद पोलादाला तेही जड असतं. एक सुटला की त्याचं वजन शेजाऱ्यांवर जातं, मग शेजारी सुटतात. म्हणून छताला अँकर दाट लावायचे, भिंतीला थोडे विरळ, कडांना आणि दारांभोवती पुन्हा दाट. आणि शेजारच्या दोन अँकरांची तोंडं एकाच दिशेला ठेवायची नाहीत, एकाला आडवं तर दुसऱ्याला उभं. सगळे एका रांगेत पाहत असतील तर भेगेला सरळ रस्ता मिळतो.

टण् आणि भद्

कागदावरची निवड बरोबर असली तरी शेवट वेल्डरच्या हातात असतो. पत्रा गंज घासून स्वच्छ हवा. साधं पोलाद आणि स्टेनलेस जोडताना साधी वेल्डिंग काडी चालत नाही, सांधा ठिसूळ होतो. ३०९ प्रतीची काडी लागते. ऑफ सीझनमध्ये, एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात, पोलादी पेटीच्या आत बसून एकेक अँकर चिकटवायचा. छताचे अँकर मान वर करून, ठिणग्या अंगावर घेत.

मग तपासणी. मामांची पद्धत हातोडीची. प्रत्येक अँकरला हलका ठोका. "टण् वाजला तर सोड, भद् वाजला तर काप," ते म्हणाले. "आणि आधी पंखा बंद कर, नाहीतर सगळेच टण् वाजतात." ही पद्धत त्यांनी शोधलेली नाही, जगभर हातोडीने आवाज आणि वाकवून सांधा तपासतात. पण कान ज्याचा त्यालाच तयार करावा लागतो.

भारतात बॉयलरवर कायद्याची नजर जुनी आहे. १९२३ चा कायदा शंभर वर्षं चालला, २०२५ मध्ये नवा आला. पण या कायद्याचा जीव वाफेच्या दाबात आहे, आणि ते योग्यच, कारण बॉयलर फुटला तर माणसं मरतात. अँकर दाब सांभाळत नाही. तरी ज्या छताखाली उद्या कुणीतरी साफसफाईला शिरणार आहे, ते छत अँकरनेच धरलेलं असतं. त्या माणसाचा जीव काही काळ एका वेल्डरच्या प्रामाणिकपणावर आणि हातोडीवाल्याच्या कानावर टांगलेला असतो.

आमच्या यादीत त्या दोन ओळी दोनच राहिल्या. त्यांच्या पुढे तीन रकाने मी मागून घेतले: कुठे लावला, कोणत्या वर्षी, काढला तेव्हा कसा होता. कारखान्यांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकांत संस्थापकांचे फोटो, गाळपाचे उच्चांक, उताऱ्याचे टक्के सगळं असतं. भट्टीच्या कोणत्या कोपऱ्यात कोणता धातू किती हंगाम टिकला, हे मात्र मामांसारख्यांच्या डोक्यात असतं आणि त्यांच्याबरोबर निवृत्त होतं.

अग्निप्रदीपन आणि मोळी

नव्या कास्टेबलमध्ये पाणी असतं. घाईने तापवलं तर त्याची वाफ बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि भिंत आतून फुटते, कधीकधी अक्षरशः स्फोटासारखी. म्हणून पहिली आग मंद ठेवायची. शंभर-दीडशे अंशांवर तासन् तास थांबायचं, मग तासाला थोडे थोडे अंश चढवत न्यायचं. अँकरच्या टोकाचं मेणही याच काळात हळूच निघून जातं. हे काम काही वेळा दिवसांचं असतं.

साखर कारखान्यांत वर्षाला दोन समारंभ होतात. दसऱ्याच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन: सपत्नीक पूजा, नारळ, भाषणं. त्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगामाचा शुभारंभ. मला लहानपणापासून वाटायचं की एकाच कामाला दोन हार कशाला. आता वाटतं की या दोन समारंभांच्या मधला काळ भट्टीच्या हक्काचा आहे. भिंत वाळण्याचा, अँकरने आपली जागा करून घेण्याचा.

हा काळच हल्ली चेपला जातो. हंगाम कधी सुरू करायचा ते मंत्री समिती ठरवते, शेजारचा कारखाना ऊस पळवतो, तोडणीच्या टोळ्या येऊन थांबलेल्या असतात. दुरुस्तीचं काम आठवडाभर लांबलं की तो आठवडा कुठून तरी काढायचा असतो, आणि सगळ्यात गप्प राहणारी वस्तू म्हणजे ओली भिंत. ती तेव्हा काही बोलत नाही. जानेवारीत, ऐन गाळपात, पत्र्यावर एक लाल डाग उमटतो.

तो डाग रात्रपाळीचा फायरमन पहिल्यांदा पाहतो. कारखाना बंद करावा लागेल का, हे तो फोनवर सांगत असतो, तेव्हा आतल्या एखाद्या अँकरला आपण ३०४ आहोत की ३१०, हे कळून चुकलेलं असतं.